गंभीर असेल तरच तुटते

आमच्या सर्व्हरला हॉस्पिटलात सगळे आत्याबाई म्हणायचे. कधी आणि कशावरून रुसतील याचा नेम नाही, आणि रुसल्या की अख्ख्या घरानं त्यांच्यामागे धावायचं, म्हणून. "आत्याबाईंनी फाईल घेतली का?" "छे, तोंड फिरवून बसल्यात." मग मी नाहीतर मास्तर तळघरात जाऊन त्यांना बंद करून पुन्हा चालू करायचो, आणि वरून कुणीतरी फोनवर म्हणायचं, "उठल्या बाई एकदाच्या!"

मास्तर म्हणजे आमच्या संगणक विभागाचे प्रमुख. विभाग कसला, ते आणि मी. साधी वायर बदलली तरी ती का बदलली हे समजावून सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, म्हणून ते मास्तर. आणि मी बाळंतपणाची रजा संपवून आले म्हणून बाळंतीण. लेक रांगायला लागली तरी माझं नाव काही बदललं नव्हतं.

आत्याबाईंकडे काम एकच. आमचं हॉस्पिटल लहान मुलांचं, आणि स्वतःही लहानच. हृदयाची ऑपरेशनं आमच्याकडे होत नाहीत. बाळाच्या हृदयाची टूडी इको, म्हणजे धडधडणाऱ्या हृदयाची हलती चित्रं, इथे काढायची आणि त्यांची फाईल आत्याबाईंवर चढवायची. फाईल पूर्ण आली असं आत्याबाईंनी सांगितलं की दूरच्या मोठ्या हॉस्पिटलातला प्रोग्राम ती आपोआप उचलून नेतो. तिथले सर्जन, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो, ती बघतात आणि फोन करतात. पाठवा. किंवा, पाठवू नका.

रजेवरून आल्यापासून मला एका गोष्टीची धास्ती बसली होती. ती मी कुणापाशी बोलत नव्हते, कारण बोलले असते तर मला पुन्हा रजेवर पाठवलं असतं. फायली तुटायच्या, पण कुणाच्याही तुटायच्या नाहीत. नुसती तपासणी म्हणून आणलेल्या गुटगुटीत पोरांच्या फायली बिनबोभाट जायच्या. तुटायची ती ज्याच्या जिवाला धोका आहे त्याचीच.

"त्यांना कळतं गं," इको काढणारी माझी मैत्रीण एकदा डबा खाताना म्हणाली. "गंभीर पेशंट आला की आत्याबाईंच्या पोटात गोळा येतो."

सगळे हसले. मीही हसले. पण त्या दिवशी घरी गेल्यावर झोपलेल्या लेकीच्या पाठीवर मी नेहमीपेक्षा जास्त वेळ हात ठेवून बसले. श्वास वर येतो, खाली जातो. यंत्राला गंभीर आणि साधं यातलं काही कळत नसतं, हे मला शिकवलेलं होतं आणि मी ते मानत होते. तरी यादीतल्या तुटलेल्या फायली बघितल्या की अंगावर काटा यायचा.

मी काय काय नाही केलं! केबल बदलली. सगळ्या केबली जिथे जुळतात ती मधली पेटी बदलली. डिस्क तपासली, बाहेरच्या रस्त्यावरच्या पहारेकऱ्याचे, म्हणजे फायरवॉलचे, सगळे नियम एकेक करून वाचले. मुद्दाम भल्यामोठ्या खोट्या फायली बनवून सकाळ-संध्याकाळ चढवल्या. एकही तुटली नाही. माझ्या खोट्या फायली आत्याबाई लाडक्या भाचीसारख्या पोटाशी घ्यायच्या.

"बघ," मास्तर म्हणायचे, "दोष असता तर तुझ्या चाचणीत दिसला असता. दिसत नाही, म्हणजे योगायोग आहे. योगायोग म्हणजे काय, सांगू?"

"नको, मास्तर."

त्या सकाळी वॉर्डात एक बाळ आलं. इतकं नवं, की त्याला अजून नावही नव्हतं. पायाकडून गार पडत चाललं होतं, दूध ओढत नव्हतं, श्वास घेताना बरगड्या आत जात होत्या. त्याच्या नाकात नळी घातली. त्याची आई कॉरिडॉरमध्ये बाकावर बसली होती, माझ्याहून लहान असेल. बाळंतपणातून नीट उठलीही नव्हती, बसताना एका कुशीवर कलून बसत होती.

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. "सरांनी चित्रं बघायला हवीत. पाठवा म्हणाले तर अँब्युलन्स तयार आहे. पण एवढ्या जिवाला एवढ्या रस्त्यानं न्यायचं म्हणजे... उगाच न्यायचं नाही. आणि न्यायलाच हवं असेल तर उशीर करायचा नाही. ताई, आज तुमच्या आत्याबाईंना म्हणावं, हात जोडतो."

मैत्रिणीनं इको काढली. फाईल चढायला लागली आणि तुटली. पुन्हा चढवली, पुन्हा तुटली. मी तळघरात धावले, बंद केलं, चालू केलं. मग मात्र पडद्यावर ओळ आली: फाईल पूर्ण झाली. पलीकडच्या प्रोग्रामनं ती उचलली. मी खुर्चीत मागे टेकले तेव्हा कळलं, की इतका वेळ मी खुर्चीच्या टोकावरच होते.

थोड्या वेळानं वर गेले तर कॉरिडॉरचा नूरच पालटलेला. सरांचा फोन आला होता. हृदयाचे कप्पे ठीक, पडदे ठीक, झडपा ठीक. जंतुसंसर्ग असेल, तिथेच औषधं चालू ठेवा, हलवू नका. बाळाच्या आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि खांदे गदगदत होते. शेजारी तिची सासू असावी, ती सुनेच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होती, "झालं ना आता? उगी. रडायचं नाही, दुधावर परिणाम होतो." मला बघून डॉक्टर म्हणाले, "या ताईंनी पाठवली बरं का फाईल." त्या मुलीनं माझा हात धरला. तिचा हात घामानं भिजलेला होता. नुसता धरून ठेवला.

मी अगदी खुशीत खाली आले. आत्याबाईंचे मनातल्या मनात आभार मानले. आणि नोंद करायची म्हणून, केवळ सवयीनं, इथून निघालेल्या फाईलचा आकार आणि तिथे पोचलेल्या फाईलचा आकार शेजारी शेजारी लावला.

पोचलेली फाईल पाऊणच होती.

मी डोळे चोळले. पुन्हा बघितलं. काळजात धस्स होतं म्हणतात ना, तसं नाही झालं. आधी नुसते कान गरम झाले आणि पंख्याचा आवाज मोठा वाटायला लागला. फाईल पाऊण होती, पण उघडत होती, चालत होती, चित्रं नीट दिसत होती. शेवटचं पाव कापलं गेलंय हे बघणाऱ्याला कळायला काही मार्गच नव्हता. पुस्तकाची शेवटची पानं इतकी सफाईनं फाडलेली, की गोष्ट तिथेच संपली असं वाटावं.

मैत्रिणीला फोन लावला. "शेवटी काय काढलं होतंस गं?"

"शेवटी? कमान. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी वळते ना, ती मी नेहमी शेवटीच काढते. का गं?"

"कशी होती?"

 ती हळूच म्हणाली, "मला वळणानंतर चिमटल्यासारखी वाटली होती. पण बाळ हलत होतं. म्हटलं सर बघतीलच. मग त्यांचा फोन आला सगळं ठीक म्हणून, तर मला वाटलं मलाच भास झाला."

मास्तर माझ्या मागे येऊन उभे होते. त्यांनी दोन्ही आकडे वाचले. पहिल्यांदाच त्यांनी काही समजावून सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "वर जाऊन सांगावं लागेल."

"मास्तर, ती बाई आत्ता कुठे..."

"हो. तरी सांगावं लागेल. मी येऊ?"

"नको. तुम्ही इथे बसा, यादीवर नजर ठेवा."

मी जिना चढायला लागले. मला एकच दिसत होतं: बाळ इथेच राहणार, संसर्गाची औषधं चालू राहणार, ती रक्तवाहिनी तासातासानं आवळत जाणार, आणि सगळे निर्धास्त असणार. माझ्या आत्याबाईंनी दिलेल्या निर्धास्तपणावर.

मी डॉक्टरांना दाराशी गाठून सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. ते आतल्या फोनकडे धावले. मी वळले तर ती बाकावरून माझ्याकडेच बघत होती. तिनं ऐकलं नव्हतं, पण बाळाच्या आईला ऐकावं लागत नाही. तिचा हात सासूच्या हातातून सुटला.

"काय झालं, ताई?"

"सरांना पुन्हा एकदा बघायला पाठवतोय," मी म्हणाले. "सगळी चित्रं पोचली नव्हती."

"म्हणजे ते ठीक म्हणाले ते...?"

"त्यांनी जे बघितलं ते ठीक आहे."

तिनं मान हलवली. सासू म्हणाली, "अहो, एकदा ठीक म्हणालेत ना? कशाला उगाच जिवाला घोर लावता तिच्या?"

सरांचा निरोप आला. ते एका ऑपरेशनला आत जायच्या बेतात होते, हात धुण्याआधी बघतो म्हणाले. आत गेले की संध्याकाळपर्यंत बाहेर यायचे नाहीत. चित्रं गाडीनं पाठवायची तरी संध्याकाळच होणार. म्हणजे आत्याबाईंवाचून गत्यंतर नव्हतं.

मैत्रिणीनं फाईल पुन्हा चढवायला घेतली. या वेळी मी पडद्यावरच्या ओळींच्या मागे न लागता आत्याबाईंच्या डिस्कवर ती फाईल वाढताना डोळ्यांनी बघायचं ठरवलं. आकडा वाढत होता. वाढत होता. आणि अचानक तो आकडा शून्य झाला.

तुटला नाही. थांबला नाही. शून्य झाला, आणि शून्यापासून पुन्हा वाढायला लागला.

"मास्तर!"

"बघतोय."

"तुटलेली फाईल शून्यावर येत नाही. जिथे तुटली तिथे पडून राहते. ही कुणीतरी पुसली."

"कोण पुसणार? आत्याबाई स्वतः?"

ते विनोदानं म्हणाले, पण त्यांचा आवाज फाटला होता. मलाही क्षणभर, खरंच एक क्षणभर, त्या थंड खोलीत त्या काळ्या पेटीकडे बघवेना. नेमकी याच बाळाची फाईल. आज, आत्ता, बघता बघता कुणीतरी हात फिरवावा तशी पुसलेली.

मग मी नोंदी उघडल्या. आत आलेल्याचं नाव तेच, सगळ्या हॉस्पिटलाला एकच दिलेलं. इतके दिवस मी तेवढंच वाचत आले होते: तोच वापरकर्ता, तीच फाईल, पुन्हा प्रयत्न. त्याच्या पुढे लिहिलेल्या संगणकाच्या पत्त्याकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. आता बघितलं. पहिली ओळ इकोच्या खोलीतून आली होती. दुसरी ओळ आली होती वॉर्डातून.

दोन संगणक. एकच नाव, एकच फाईल. एक चढत असताना दुसरा चढवायला लागला, की आत्याबाई आज्ञाधारकपणे आधीची पुसून नवी लिहायला घेणार. आणि आधीचा पाठवणारा आपलं संपवून "झालं" म्हणाला, की पलीकडचा प्रोग्राम त्या नावाखाली जे असेल ते उचलणार. तेव्हा तिथे दुसऱ्याची असेल, अर्धी नाहीतर पाऊण, जेवढी झाली तेवढी.

मी जिन्यानं पळाले. रजेनंतर एवढं पहिल्यांदाच पळाले असेन, बरगडीत कळ आली.

वॉर्डात मोठ्या सिस्टर टेबलाशी बसल्या होत्या, संगणकाच्या माउसवर हात. मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या सर्वेसर्वा. पोरांची आणि डॉक्टरांची सारख्याच आवाजात कानउघाडणी करायच्या.

"सिस्टर, तुम्ही फाईल पाठवताय?"

"मग? पाठवणारच. तुमची आत्याबाई भरवशाची आहे होय?" त्या म्हणाल्या. "मागे एकदा दोनदा तुटली ना, तेव्हापासून आम्ही वॉर्डात ठरवलंय. पेशंट गंभीर असला की तिकडून इकोवाली पाठवते आणि इकडं आलेली प्रत मीही पाठवते. एक तरी पोचेल ना! साध्या पेशंटला कोण एवढी यातायात करतं?"

मी टेबलाला धरून उभी राहिले. साध्याला कोणी करत नव्हतं. माझ्या खोट्या फायलींना तर कोणीच नाही, त्या कुणाच्या जिवाच्या नव्हत्या. जेवढं लेकरू गंभीर, तेवढी यांची माया जास्त, तेवढे हात जास्त. आणि प्रत्येक हात दुसऱ्याचं पुसत होता.

"सिस्टर, माउसवरून हात काढा."

"काय?"

"हात काढा. तुम्ही पाठवताय म्हणून ती तुटतेय."

त्यांचा चेहरा लाल झाला. "मी? मी तोडतेय? कालची पोर तू, मला सांगतेस? तिची नाही गेली तर? तर कोण जबाबदार? ते पोर तिथं काळंनिळं पडतंय आणि मी हातावर हात ठेवून बसू?"

"हो," मी म्हणाले. माझा आवाज रडका झाला होता, मला लाज वाटली. "सिस्टर, तुमच्या पाया पडते, बसा. आपण दोघी बसू."

वाद घालायला वेळ नव्हता. मी टेबलाखाली शिरले आणि त्यांच्या संगणकाची नेटवर्कची वायर उपटली. बाहेर आले तेव्हा तिचं टोक माझ्या मुठीतच होतं. मोठ्या सिस्टर माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी बाळाची नळीच काढली आहे.

मैत्रिणीला फोन केला. "थांबव. सगळं थांबव. मास्तर ती अर्धवट फाईल काढून टाकतील. ते सांगतील तेव्हा एकदाच पाठव. मग काहीही झालं तरी बटणाला हात लावू नकोस."

"आणि अडकली तर?"

"तरी नाही."

मास्तरांनी फोनवर सांगितलं, साफ केलं, पाठव म्हणावं.

मग नुसतं थांबायचं होतं. असं थांबणं मी कधी अनुभवलं नव्हतं. बाळंतकळा येत असतानाही माणूस काहीतरी करत असतो. इथे काही न करणं हेच काम होतं. मास्तर फोनवर आकडा सांगत होते. पाव झाली. हलतेय. थोडी मंदावली. हलतेय. डॉक्टर येऊन म्हणाले, "माझ्या लॅपटॉपवरूनही टाकून बघू का एकदा?" तर मोठ्या सिस्टरच ओरडल्या, "खबरदार!" आणि मग माझ्याकडे न बघता पुटपुटल्या, "हिचं ऐकतेय म्हणून. नाही गेली तर मग बघते हिला."

माझा मोबाईल थरथरला. आई होती. लेकीला सांभाळायला तीच येते. घेतला नाही. पुन्हा थरथरला. माझ्या मुठीत ती वायर, समोर काचेपलीकडे ते बाळ, त्याच्या इवल्याशा पिंजऱ्यासारख्या छातीची हालचाल. दोन श्वासांच्या मध्ये जरा जास्त वेळ गेला की मीही श्वास घेत नव्हते.

"अर्धी," मास्तर म्हणाले. "पाऊण."

पाऊण हा शब्द ऐकून मोठ्या सिस्टरांनी माझा दंड पकडला. इतका घट्ट की बोटं उमटली.

"अजून हलतेय. अजून. अगं... आली. पूर्ण आली. आकार जुळतोय. पलीकडे उचलली. थांब, तिकडचाही बघतो. तिकडचाही जुळतोय! दोन्ही जुळतात, बाळंतीण!"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे वॉर्डातल्या फोनकडे बघत राहिले.

तो वाजला तेव्हा डॉक्टरांनी घेतला. त्यांनी "हो सर" म्हटलं, पुन्हा "हो सर" म्हटलं, आणि दुसऱ्या हातानं नर्सला अँब्युलन्सची खूण केली. रक्तवाहिनी आवळलेली होती, जवळजवळ बंद. एक औषध आत्ता लगेच चालू करा आणि पाठवा. सर म्हणाले होते, ते आधीचं ऑपरेशन पुढे ढकलून थांबतायत.

मला वाटलं होतं, फाईल पोचली की भीती जाईल. गेली कसली! मी जी बातमी पोचवायला एवढी धडपडले, ती ही होती. ती मुलगी उठून उभी राहिली होती. डॉक्टर तिला समजावत होते, आणि ती मान हलवत होती, आणि तिला एक अक्षर कळत नव्हतं. सासूनं मघाशी सुनेच्या डोक्यावरून फिरवलेला हात आता स्वतःच्याच तोंडावर घट्ट दाबला होता.

बाळाला उबेच्या काचपेटीत ठेवून नेताना सासू-सुना लिफ्टपाशी माझ्याजवळून गेल्या. सून थांबली. "ताई, आता सगळं दिसलं ना त्यांना? की परत फोन येईल, नाही म्हणून?"

"आता सगळं दिसलं," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

लिफ्टचं दार लागलं. मी पुन्हा खाली जाऊन दोन्ही आकडे तपासले. जुळत होते. तरी पुन्हा तपासले.

आईला फोन केला. "अगं, काही नाही," ती म्हणाली, "ही आधार धरून उभी राहिली, तुला सांगावं म्हणून केला. तू का रडतेस?"

त्या दिवसापासून इकोच्या खोलीखेरीज दुसरीकडून फाईल चढणार नाही अशी व्यवस्था मी केली. फाईल आधी तात्पुरत्या नावानं चढते आणि पूर्ण झाली, आकार जुळला, तरच तिला खरं नाव मिळतं. अर्धवट असेल तर पलीकडच्याला ती दिसतच नाही. हे करताना मास्तर शेजारी बसून होते आणि मी त्यांना प्रत्येक पायरी समजावून सांगत होते. त्यांनी मला एकदाही टोकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या सिस्टर तळघरात आल्या. त्या कधी खाली येत नाहीत. दारातच उभ्या राहिल्या, त्या थंड खोलीकडे नाक मुरडून बघत. मी उठून उभी राहिले.

"तिकडच्या सिस्टरचा फोन होता," त्या म्हणाल्या. "रात्री ऑपरेशन झालं. छाती अजून उघडीच ठेवलीय, सूज आहे म्हणून. अजून दोन दिवस काही सांगता येत नाही म्हणाले."

मी खाली बसले.

"ऐक पुढं. ती आई आहे ना, ती सरांना विचारत होती म्हणे. बाळ तर नळीवर आहे, मग मी दूध काढून फेकू का ठेवू?"

"मग?"

मोठ्या सिस्टरांनी चष्मा काढून पदरासारखा एप्रनचा कोपरा काचेवरून फिरवला.

"ठेवा म्हणाले. तारीख घालून ठेवा, लागेल."